सर, डिबगर आणि माझी एक ओळ

डिबगरची नवी आवृत्ती आली की त्या दिवशी आमच्या ऑफिसात काम होत नसे. सॉफ्टवेअर लिहायचं आमचं ऑफिस म्हणजे परभणीत बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत, खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या. सर, मी आणि आणखी दोघं. नव्या आवृत्तीत काय काय आहे याचं जे माहितीपत्रक कंपनी काढते, ते सर आदल्या दिवशीच पाठकोऱ्या कागदांवर छापून ठेवायचे. सकाळी चपला दाराबाहेर काढायचे, चष्मा कपाळावरून नाकावर आणायचे आणि उभ्यानं मोठ्यानं वाचायला लागायचे. एक वाक्य इंग्रजीतून, मग त्याचं मराठी, मग त्यावर स्वतःचं मत. आम्ही तिघं खुर्च्या वळवून बसायचो. फोन वाजला तर उचलायचा नाही.

डिबगर म्हणजे काय, हे सर नव्या माणसाला असं सांगायचे: "पळत्या गाडीखाली वाकून चाक बघता येतंय का? न्हाई. पण गाडी पाहिजे तिथं थांबवता आली, बघितलं, आन् पुन्हा वावभर पुढं ढकलली, असं जमलं तर? त्ये हे." प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवायचा, त्या क्षणी त्याच्या आठवणीतल्या कुठल्या खान्यात कोणता आकडा आहे ते बघायचं, मग एकेक ओळ पुढं जायचं. चूक कुठं शिरली ते असं सापडतं. माझी सगळी भाकरी या एका साधनावर चाललेली आहे आणि ते वापरायला मला सरांनी शिकवलं.

माहितीपत्रक ते शेवटून वाचायचे. शेवटी कंपनी आपल्याच मागच्या चुका लिहिते, अमुक बिघाड होता तो काढला, तमुक चुकीचं दिसत होतं ते नीट केलं. "नवं काय आणलं ते कुणीबी सांगतंय," सर म्हणायचे. "आपलं काय चुकलं व्हतं ते सांगायला छाती लागती." एकदा एका आवृत्तीत त्या जागी नुसतं 'किरकोळ दुरुस्त्या' एवढंच होतं. सरांनी कागद खाली ठेवला. दिवसभर त्यांचं कशात लक्ष लागेना. "किरकोळ कुणासाठी? ज्याचं अडलं व्हतं त्याला इचारलं का?" त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं की नेमक्या कोणत्या दुरुस्त्या केल्या ते कृपया कळवावं. उत्तर काही आलं नाही. पुढची आवृत्ती येईपर्यंत रोज सकाळी मला विचारायचे, "आलं का रे अमेरिकेचं उत्तर?"

नव्या सोयींना ते आपल्याकडची नावं द्यायचे. ठरावीक अट पुरी झाली तरच प्रोग्राम थांबेल अशी सोय आली, तेव्हा म्हणाले, "हा एस्टीचा विनंती थांबा. माणूस उभा असंल तर थांबती, नसंल तर निघून जाती." एखाद्या खान्यातला आकडा कुणी बदलला की लगेच प्रोग्राम थांबतो, अशी सोय आली तेव्हा म्हणाले, "कणगीला घुंगरू बांधलं. हात लावला की वाजतंय." ही नावं ऑफिसात रुळली. आज मी दूरच्या कंपनीसाठी परभणीत घरी बसून काम करतो, हाताखाली सात जण आहेत, त्यातला एक नागालँडचा. तोसुद्धा "घुंगरू लावून बघतो" म्हणतो.

नवी आवृत्ती बसवून झाली की सर एखादी जुनी, सुटलेली, विसरलेली चूक काढायचे आणि ती नव्या डिबगरनं पुन्हा शोधायला लावायचे. आम्हाला हा वेडेपणा वाटायचा. आमच्यातला एक जण म्हणाला, "सर, मढं उकरून काय करायचं?"

"नव्या डॉक्टरला जुनं दुखणं दाखवावं. दुखणं आपल्याला ठाऊक असतंय, म्हंजी डॉक्टर कळतो."

चूक शोधताना ते भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसायचे. एक पाऊल पुढं, एक शेंग. प्रोग्राम एका कामातून दुसऱ्या कामात शिरला की टरफल टेबलावर नव्या रांगेत. बाहेर आला की ती रांग पुसून टोपलीत. त्यामुळं टेबलाकडं बघूनच कळायचं की सर किती खोल गेलेत. एकदा झाडणाऱ्या मावशींनी मधेच सगळी टरफलं गोळा केली. सर त्यांना काही बोलले नाहीत. "चला, पहिल्यापासून," म्हणाले आणि शेंगांचा नवा पुडा सोडला.

पण माझ्यावर त्यांचं खरं ऋण आहे ते एका वेगळ्या सवयीचं. दुसऱ्याच्या कीबोर्डला ते कधी हात लावत नसत. मी नवीन असताना एका चुकीपायी तीन दिवस डोकं धरून बसलो होतो. सर शेजारी येऊन बसले, दोन्ही हात मांडीखाली घेतले. "हं. आधी बोल, मग बघ." म्हणजे कळ दाबायच्या आधी मी सांगायचं, पुढच्या ओळीवर कुठल्या खान्यात काय असेल. मग दाबायची. मी बोललो, दाबलं, बरोबर. बोललो, दाबलं, बरोबर. सातव्या-आठव्या ओळीला मी म्हणालो एक आणि निघालं दुसरं. चूक तिथंच होती. सर उठले, "सापडली न्हवं? मग मी कामून बसू?" म्हणून निघून गेले. तीन दिवसांत मला कुणी मूर्ख म्हटलं नव्हतं आणि शेवटी चूक माझी मलाच सापडू दिली होती. वडिलांच्या घरी मला असं कुणी शिकवलं नव्हतं. चुकलं की आधी पाठीत, मग विचारपूस.

हे मी इतकं लांबवतोय कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडं एका साखर कारखान्याचं काम होतं, ऊसतोडीची यादी लावण्याचं. ज्याच्या उसाची लागण आधी, त्याची तोड आधी, असा साधा न्याय. सरांनी ते काम घेतल्यावर आठ दिवस ऊसतोड टोळीबरोबर फडात हिंडून काढले होते. येताना हाताला पाचटाचे ओरखडे आणि एक माहिती घेऊन आले: टोळी एकदा जिथं खोपी टाकते, तिथला आसपासचा सगळा ऊस तोडल्याशिवाय हलत नाही. "म्हणून यादीतलं पयलं नाव जपून," ते आम्हाला म्हणाले. "पयलं नाव चुकलं तर एका माणसाचा ऊस न्हाई चुकत, टोळी नदीच्या उलट्या काठाला जाऊन बसती."

त्या हंगामाच्या तोंडावर यादी लावायची नवी पद्धत मी लिहीत होतो. हजारो नावांत आपलं काम नीट होतंय का ते झटकन दिसावं म्हणून मी ओळखीचा एक गट क्रमांक घेतला आणि तपासणीपुरती एक ओळ टाकली: हा क्रमांक दिसला की त्याला सगळ्यांत वर घे. क्रमांक माझ्या मामाच्या शेताचा होता. गंगाखेडच्या पुढं, गोदावरीच्या काठाला त्यांचा ऊस होता. असं सगळेच करतात. काम झालं की ती ओळ काढून टाकायची असते.

मी ती काढायला विसरलो, असं मी पुढं बारा वर्षं स्वतःला सांगत आलो. मी विसरलो नव्हतो. यादी पाठवायच्या दोन दिवस आधी मामाचा फोन आला. "काय भाचेबुवा, आमचा नंबर कव्हा?" सहज विचारलं त्यांनी, मागितलं काहीच नाही. फोन ठेवल्यावर मी ती ओळ उघडली. बघितली. मामानं मला दहावीपासून घरी ठेवून शिकवलं होतं. मी फाइल तशीच बंद केली. सरांनी विचारलं, "तपासलं का रे?" मी म्हणालो, "तपासलं सर." त्यांनी पुन्हा बघितलं नाही, कारण मी तपासलंय म्हणालो होतो.

टोळी मामाच्या काठाला गेली. पलीकडच्या काठाला एका आप्पांचा ऊस यादीत खरा पहिला होता. आप्पा म्हणजे गळ्यात लिंग, रोजची पूजा झाल्याशिवाय पाण्याला न शिवणारे, शब्दाला कडक गृहस्थ. टोळी त्यांच्याकडं पोचेपर्यंत उसाला तुरे आले होते. तुरा आला की ऊस आतून पोकळ होत जातो. आप्पा कारखान्यात भांडले आणि तिथून सरळ आमच्या ऑफिसात आले. जिना चढून दारात उभे राहिले, आत आले नाहीत.

"मास्तर, एक इचारतो. तुमचा ह्यो कंप्यूटर कुणाचा भाचा हाय?"

आमच्यातले दोघं हसले. मी मान खाली घातली. आप्पांना माझं नातं माहीत नव्हतं. त्यांनी आपला टोमणा मारला होता.

सर म्हणाले, "आप्पा, बसा. चार दिवस द्या मला."

"मला फुरसत न्हाई बसायला. चार दिवसांनी माझे तुरे गळून पडणार हायत का? तुमी कुणाचं तरी ऐकून केलंय. लिहून ठेवा, मी चार गावांत सांगणार."

त्याच आठवड्यात डिबगरची नवी आवृत्ती आली होती आणि तिच्यात सर कित्येक वर्षं ज्याची वाट बघत होते ती सोय होती. मागं जायची. तोवर प्रोग्राम फक्त पुढं नेता यायचा. चुकीची जागा हुकली की पहिल्यापासून. आता प्रोग्रामची झालेली सगळी धाव नोंदवून ठेवता येत होती आणि शेवटाकडून एकेक पाऊल मागं येता येत होतं. ते वाक्य सरांनी दोनदा वाचलं होतं. "आता परिणामापासनं कारणाकडं जाता येतंय, लेकांनो." एखाद्याला मुलगा झाल्यावर जसा चेहरा होतो तसा झाला होता.

दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी मला शेजारी बसवलं. कारखान्याला गेलेली तीच यादी पुन्हा चालवली, नोंदवली. यादीत सगळ्यांत वर मामाचा क्रमांक. तिथून मागं. शेंग. आणखी मागं. शेंग. टेबलावर टरफलांच्या तीन रांगा झाल्या. मग सर थांबले. हात मांडीखाली घेतले, कीबोर्ड माझ्याकडं सरकवला.

"बोल. आता ह्याच्या मागच्या ओळीवर काय असंल?"

ते वाट बघत होते. आज मला कळतं, तो दरवाजा त्यांनी माझ्यासाठी उघडा धरला होता.

"माहीत न्हाई, सर," मी म्हणालो.

त्यांनी स्वतःच कळ दाबली. माझ्यापुढं ठेवलेल्या कीबोर्डला त्यांनी कधी हात लावला असेल तर तो एवढाच एकदा. पडद्यावर ती ओळ आली, क्रमांकासकट. ही ओळ कुणी लिहिली आणि कोणत्या दिवशी, ते सांगणारी एक आज्ञा असते. दोन कळांचं काम. सरांनी ती दिली नाही. ओळ वाचली, पुन्हा वाचली, टरफलं टोपलीत लोटली आणि म्हणाले, "माझ्या ऑफिसातनं गेलं, म्हंजी माझं."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन त्यांनी तेच सांगितलं. चूक आमच्याकडची, माझ्या स्वतःच्या हातची, असं म्हणाले. तपासणीची ओळ राहून गेली. लोकांना हे पुरेसं वाटलं नाही. एवढ्या हजारांत नेमका एकच क्रमांक कसा वर येतो? मास्तरनं काहीतरी घेतलं असणार, असं ठरलं. आप्पांनी म्हटल्याप्रमाणे चार गावांत सांगितलं. कारखान्याचं काम गेलं, मग एका बाजार समितीचं गेलं. वर्षभरात ऑफिस बंद झालं. सरांनी बंद करायच्या आधी मला ओळखीच्या ठिकाणी नोकरी लावून दिली. शिफारसपत्रात लिहिलं होतं, 'काम तपासून देतो.' ते पत्र माझ्याकडं अजून आहे. मी ते कुणाला दाखवू शकलो नाही.

सर पिंगळीला राहायला गेले. स्टेशनाजवळच्या घरात शाळेतल्या मुलांना शिकवतात. मी वर्षातून एकदोनदा जायचो, शेंगा घेऊन. इकडचं तिकडचं बोलून परत. मामा मधल्या काळात गेले. आपला ऊस त्या साली आधी का तुटला, हे त्यांना कधी कळलं नाही.

गेल्या महिन्यात नवी आवृत्ती आली. सरांच्या डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी माहितीपत्रक छापून घेतलं आणि येतो म्हणून फोन करून पिंगळीला गेलो. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, दार उघडलं. "या. सकाळपासून तिसऱ्यांदा इचारायलेत, आला का म्हणून." सर बाजेवर बसले होते. मी उभं राहून वाचायला लागलो, शेवटून. दुरुस्त्या झाल्या, मग नव्या सोयी. एक सोय अशी होती की प्रोग्राम थांबेल त्या प्रत्येक ओळीच्या कडेला, ती लिहिणाऱ्याचं नाव आता आपोआप दिसेल. विचारावं लागणार नाही.

इंग्रजी वाक्य वाचलं. मराठीत सांगता येईना. हातातला कागद खाली केला.

"सर, ती ओळ माझी होती."

"ठावं हाय की," सर म्हणाले. "तिघांत त्या कामावर तूच व्हतास. तुला कसं सांगायचं व्हतं त्ये तू बघावं, म्हणून गप बसलो." मग माझ्याकडं वळून, "पण एक कळलं न्हाई मला आजवर. राहिली व्हती का ठिवली व्हती? त्ये डिबगरला दिसत न्हाई."

"ठेवली होती. मामासाठी."

सर खिडकीकडं बघत राहिले. एक मालगाडी जाईपर्यंत बोलणं शक्यच नव्हतं. मला वाटत होतं, गाडी संपू नये. ती गेल्यावर ते म्हणाले, "आप्पाला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगायलास? माझा का ऊस व्हता?"

मी म्हणालो, "तुमचं नाव गेलं, सर."

"त्ये मी दिलं व्हतं. आप्पाचा ऊस आप्पानं दिला न्हवता." आणि हातानं, वाच पुढं, अशी खूण केली. मी उरलेली दोन पानं वाचली. त्यांनी प्रत्येक सोयीवर मत दिलं.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांच्या गावी गेलो. आप्पा आता थकलेत, काठी लागते. ओसरीत बसून त्यांनी सगळं ऐकलं, मधे एकदाही तोडलं नाही. मामाचं नाव सांगितलं तेव्हा फक्त भुवया वर गेल्या. "म्हंजी मी दारात उभा राहून इचारलं, तव्हा भाचा समोरच बसला व्हता."

"हो."

"आन् मास्तरला ठावं व्हतं."

"त्यांना तीन-चार दिवसांनी कळलं. मग त्यांनी माझं नाव घेतलं नाही."

आप्पा बराच वेळ काठीच्या टोकानं जमीन उकरत राहिले. मला शिव्या द्याव्यात अशी माझी फार इच्छा होती. ते उठले. "ऊस गेला, त्याचं काय न्हाई. दुसऱ्या साली पुन्हा आला. पण मी त्या माणसाला चार गावांत वाईट बोललोय. चल."

सोसायटीच्या ओट्यावर दुपारची नेहमीची मंडळी होती. आप्पांनी सगळ्यांना गप केलं आणि मला म्हणाले, "सांग. मला सांगितलंस तसंच." मी सांगितलं. माझं नाव, मामाचं नाव, ती ओळ, तो फोन. मामा गेलेले आहेत आणि त्यांनी मागितलं नव्हतं, हेही सांगितलं. एवढ्या लोकांसमोर मी आयुष्यात कधी बोललेलो नाही. एक म्हातारे पुढं झुकले.

"म्हंजी मास्तरनं काहीच घेतलं न्हवतं?"

"काहीच नव्हतं."

"मग त्या येड्या मास्तरनं कबूल कामून केलं?" दुसरा म्हणाला.

आप्पांनी माझ्याकडून नंबर घेऊन तिथंच फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला.

"मास्तर, मी आप्पा बोलायलोय. सोसायटीच्या ओट्यावरनं. समदे हायत इथं. तुमच्या पोरानं आत्ता उभं राहून सगळं सांगितलं." "मी लय वाईट बोललो व्हतो तुम्हाला."

पलीकडून सरांचा आवाज आला, नेहमीसारखा, कोरडा.

"त्यो तिथंच हाय का अजून?"

"हाय की. माझ्या शेजारी उभा हाय."

"सकाळी निघालाय, काही खाल्लं नसंल त्यानं. त्याला जेवल्याबिगर सोडू नका."

आप्पांनी फोन खिशात ठेवला, माझ्या दंडाला धरलं आणि घराकडं चालू लागले. आधाराला धरलं होतं की मला नेत होते, ते कळलं नाही. ओसरीतूनच त्यांनी सुनेला हाक मारली, दोन ताटं वाढ म्हणून. मी त्यांच्या पंगतीला बसून पोटभर जेवलो.